चर्च झाले म्हणून वाचलेले पँथिऑन

रोममधील पँथिऑन हे मंदिर सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन 125च्या सुमारास पूर्ण झाले आणि आज सुमारे एकोणीसशे वर्षांनंतरही त्याचा घुमट मूळच्या काँक्रीटसह उभा आहे. या टिकाऊपणाचे श्रेय रोमन स्थापतींना दिले जाते. ते रास्तच आहे, पण पुरेसे नाही. भक्कम बांधलेल्या मंदिरांची रोममध्ये वानवा नव्हती. तरीही त्यांपैकी बहुतेकांची आज फक्त जोती आणि मोजके स्तंभ उरले आहेत. पँथिऑन वाचले याचे माझ्या मते अधिक निर्णायक कारण असे, की 609 साली सम्राट फोकासच्या परवानगीने पोप चौथा बोनिफेस याने त्याचे चर्चमध्ये रूपांतर केले आणि त्यानंतर त्या छपराची काळजी वाहणारे कोणी ना कोणी कायम राहिले.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसिअसने मंदिरांतील पूजाअर्चेवर बंदी घातली. ओस पडलेले मंदिर ही मग बांधकाम साहित्याची आयती खाण ठरत असे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यामुळे कोरीव स्तंभशीर्षे आणि मूर्तीसुद्धा फोडून चुनाभट्टीत टाकल्या गेल्या. दगड एकमेकांना जखडणाऱ्या धातूच्या पट्ट्याही उकरून काढल्या जात. ही लूट इतकी वाढली, की 458 साली सम्राट मेजोरियनला जुन्या सार्वजनिक इमारती पाडण्याविरुद्ध कायदा करावा लागला.

मात्र मंदिराचे चर्च करणे वाटते तितके सरळ नव्हते. रोमन मंदिरात यज्ञवेदी बाहेर, उघड्यावर असे; गाभारा मुख्यतः देवाच्या मूर्तीसाठी असे आणि भाविकांचा मेळा तेथे भरत नसे. ख्रिस्ती उपासनेला याच्या नेमके उलट, म्हणजे सर्वांना एकत्र सामावणारे मोठे दालन लागते. म्हणूनच सुरुवातीच्या चर्चनी मंदिरांऐवजी न्यायदान आणि व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या बॅसिलिका या लांबट सभागृहांचा नमुना उचलला. पँथिऑनचा गाभारा या बाबतीत अपवाद होता: आतील व्यास सुमारे 43.3 मीटर, आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच.

हा घुमट लोखंडी सळयांविना, चुना आणि ज्वालामुखीजन्य राख यांच्या काँक्रीटचा आहे. तळाशी सुमारे सहा मीटर असलेली त्याची जाडी माथ्याजवळ सुमारे सव्वा मीटरपर्यंत उतरते. काँक्रीटमधील खडीही जागेनुसार बदलत जाते. खालच्या थरांत जड दगड आणि विटांचे तुकडे, तर माथ्याकडे सच्छिद्र, हलके ज्वालामुखीय दगड. मध्यभागी सुमारे नऊ मीटर व्यासाचे गवाक्ष उघडेच ठेवले असल्यामुळे सर्वांत वरचा भारही टळला. घुमटाच्या खालच्या भागात उभे तडे आहेत, कारण तेथे तो बाहेरच्या बाजूला फाकू पाहतो. पण जाड भिंती तो रेटा पेलतात. गवाक्षातून येणारा पाऊस किंचित फुगीर फरशीवरून ओघळतो आणि तिच्यातील बारीक छिद्रांतून निघून जातो.

तरीही चर्च झाल्याने इमारतीला पूर्ण अभय मिळाले नाही. 663 साली सम्राट दुसरा कॉन्स्टन्स याने घुमटावरील सोन्याचा मुलामा दिलेले कांस्यपत्रे काढून नेले. पाणी मुरून काँक्रीट खिळखिळे होण्याचा धोका त्यामुळे खरा होता. पण आठव्या शतकात पोप तिसरा ग्रेगरी याने घुमटावर शिशाचे पत्रे बसवले. सतराव्या शतकात पोप आठवा अर्बन याने दर्शनी मंडपाच्या छतातील कांस्य तोफांसाठी उतरवले, आणि त्याच शतकात त्या मंडपाच्या पूर्व बाजूचे गमावलेले स्तंभ पुन्हा उभारलेही गेले. लूट आणि डागडुजी असा हा हिशेब आहे. त्यात डागडुजीची बाजू वरचढ राहिली, याचे कारण इमारत वापरात होती.

हीच गोष्ट रोमन फोरम या प्राचीन रोमच्या मुख्य चौकातील, सम्राट अँटोनायनस आणि त्याची पत्नी फॉस्टिना यांच्या मंदिरात वेगळ्या रीतीने दिसते. इसवी सन 141 मध्ये उभारणी सुरू झालेले हे मंदिर पुढे सान लोरेन्झो इन मिरांडा चर्च झाले. सतराव्या शतकात त्याची नवी दर्शनी भिंत बांधली तेव्हा तिचा दरवाजा त्या काळच्या जमिनीच्या पातळीवर होता. शतकानुशतके साचलेला गाळ आणि राडारोडा पुरातत्त्वज्ञांनी उपसल्यावर तो दरवाजा कित्येक मीटर उंच, अधांतरी राहिला. स्तंभांच्या वरच्या भागात तिरकस खाचा आहेत. दोरखंड बांधून स्तंभ पाडण्याच्या प्रयत्नांच्या त्या खुणा असाव्यात, असे सामान्यतः मानले जाते.

पँथिऑनमध्ये आजही प्रार्थना होतात. जुलै 2023 मध्ये पर्यटकांसाठी तेथे पाच युरोंचे तिकीट सुरू झाले. प्रार्थनेसाठी येणाऱ्यांना ते नाही. तिकिटाचे 70 टक्के उत्पन्न इटलीच्या संस्कृती मंत्रालयाकडे आणि 30 टक्के रोमच्या धर्मप्रांताकडे जाते, आणि देखभालीचा खर्च मंत्रालय उचलते.