पलीकडच्या टोकाचा शिक्षक

सप्टेंबर १९३७. शिकागोत पोलिओची साथ पसरली आणि ऐन सत्राच्या सुरुवातीला शाळा उघडल्याच नाहीत. तिसरी ते आठवीच्या मुलांना रेडिओवरून १५-१५ मिनिटांचे पाठ ऐकवायचं ठरलं. वेळापत्रक आणि प्रश्न वर्तमानपत्रांत छापून यायचे. तक्रारी काय, तर आवाज नीट येत नाही आणि शिकवणं फार भरभर चाललंय. ‘मॅडम, आवाज तुटतोय’ हे वाक्य काही २०२०मध्ये जन्मलं नाही. पण शिकागोत शंका विचारायला फोन होता आणि पलीकडे शिक्षक बसलेले होते.

मेक्सिकोने तर १९६८मध्ये खेड्यांसाठी माध्यमिक शाळाच टीव्हीवर आणली, टेलिसेकंदारिया. तिथेही मुलं एकत्र बसायची आणि वर्गात एक शिक्षक असायचाच. एकटाच सगळे विषय सांभाळायचा बिचारा, पण असायचा.

कोरोनाच्या साथीत २०२०च्या एप्रिलपर्यंत जगभरातल्या १५० कोटींहून जास्त विद्यार्थ्यांची शाळा-कॉलेजं बंद झाली. शाळेचं वेळापत्रक जसंच्या तसं पडद्यावर चढवलं गेलं. जवळचा माणूस तेवढा गळला. युनिसेफच्या अंदाजाने किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत पडदा, टीव्ही, रेडिओ यांपैकी काहीच पोहोचण्यासारखं नव्हतं.

माध्यमिकची मुलं यात विचित्र कात्रीत सापडली. धाकट्यांच्या शेजारी घरातलं कुणीतरी बसे; नववीतल्याला ‘मोठा झालास, कर तुझं तू’. बीजगणितातली एक पायरी निसटली की पुढचे सगळे तास डोक्यावरून जायचे. कॅमेरा बंद, काळ्या चौकटीत नुसतं नाव. गृहपाठ म्हणजे वहीचा आडवा फोटो, कोपऱ्यात अंगठा. त्यावरून कुणाचं कुठे अडलंय हे कळणार कसं?

गुणांवर तर विसंबण्याची सोयच उरली नाही. इंग्लंडमध्ये २०२०च्या परीक्षा रद्द झाल्या, संगणकी सूत्राने श्रेणी ठरवल्या, आणि ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीसारख्या परीक्षेच्या, जवळपास ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्यावर गदारोळ उठला. ऑगस्टमध्येच सूत्र गुंडाळलं, शिक्षकांचे अंदाज धरले आणि निकाल एकदम फुगला.

१५ वर्षांच्या मुलांची पिसा ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२मध्ये झाली. २०१८च्या तुलनेत ओईसीडी (ही चाचणी घेणारी, मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) देशांची सरासरी गणितात सुमारे १५ गुणांनी आणि वाचनात सुमारे १० गुणांनी घसरली. विज्ञान जवळपास तिथेच राहिलं. सगळं खापर साथीवर फोडता येत नाही, वाचनाची घसरण आधीच सुरू होती. मात्र शाळाबंदीतल्या ज्या अनुभवांची विचारणा झाली, त्यांत गणिताच्या गुणांशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते एकाच गोष्टीचं: अडल्यावर शिक्षक मदतीला मिळत होते का.