पकड-मर्यादा (पायांच्या भारव्यायामातील)

पकड-मर्यादा : हातात वजन धरून करायच्या पायांच्या व्यायामांत मांड्या व नितंब दमण्याआधीच बोटे सुटू लागण्याची स्थिती. डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन धरून सरळ उभे राहणे), रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे फारसे न वाकवता कमरेतून वाकून वजन खाली-वर नेणे), हॅक लिफ्ट (पुढे पाहा) आणि डंबेल घेऊन मारायचे लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) यांत ती विशेष जाणवते.

बोटे मिटणारे स्नायू मुख्यतः अग्रबाहूत असतात आणि मांडीच्या स्नायूंपुढे ते फारच लहान. प्रत्येक आवर्तनात (वजन एकदा उचलून खाली आणण्यात) सरळ उभे राहिल्यावर पायांना क्षणभर उसंत मिळते. बोटांना मात्र वजन जमिनीला टेकेपर्यंत मिळत नाही. सततच्या आकुंचनाने स्नायूंतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे वजन बेताचे पण आवर्तने पुष्कळ असली तरी पकड आधी जाते. यात बार (दोन टोकांना वजने लावलेला दांडा) घरंगळण्याची भर पडते. दोन्ही तळवे अंगाकडे असले, की बार बोटांच्या टोकांकडे सरकू पाहतो. दांडा जाड असेल तर बोटे अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत. भारोत्तोलन स्पर्धांत पुरुषांसाठी २८ मिमी, तर महिलांसाठी २५ मिमी व्यासाचा बार असतो. याउलट ब्रिटिश मल्ल थॉमस इंच यांच्या प्रसिद्ध डंबेलचे वजन सुमारे ७८ किग्रॅ. असून दांडा सुमारे ६० मिमी जाड होता; अनेक बलवान मल्लांना ते उचलता आले नाही, ते मुख्यतः जाडीमुळे.

वजन हातांऐवजी धडावर घेण्याची युक्ती जुनी आहे. भारतीय तालमींत बैठका मारताना गळ्यात दगडी कडे (हसली) घालत. गामा पैलवान यांची म्हणून दाखवली जाणारी ९५ किग्रॅ. वजनाची हसली पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात आहे. अमेरिकेत साधारण १८५० नंतर डॉ. जॉर्ज बार्कर विंडशिप (१८३४–७६) यांनी खांद्यावरच्या पट्ट्यांनी भार उचलण्याचा प्रसार केला; हातांनी उचललेल्या भारापेक्षा तो कितीतरी अधिक असे. हॅक लिफ्टमध्ये बार पायांमागे हातांत धरतात. तिचे जनकत्व सामान्यतः कुस्तीगीर जॉर्ज हाकेनश्मिट (१८७७–१९६८) यांना देतात. काही अभ्यासकांच्या मते मात्र हा प्रकार त्यांच्याआधीच जर्मन भाषक मल्लांत रूढ होता. हाकेनश्मिट यांना जनक मानण्यापेक्षा प्रसारक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पाठीवर जड बार घेऊन मारायचा स्क्वॉट (बैठक) अमेरिकेत रुजला तो १९२० च्या दशकात, बहुधा मल्ल हेन्री ‘मिलो’ स्टाइनबॉर्न यांच्यामुळे. ते बार एका टोकावर उभा करून खांद्यावर कलता घेत, कारण स्टँडची सोय तेव्हा सर्रास नव्हती.

आजचे उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिल्यात भार हातांतून काढून घेतात : पाठीवर बार, वजनाचे जाकीट, कमरेच्या पट्ट्याला लोंबकळवलेले वजन. एका पायावर व्यायाम केल्यास कमी वजनातही त्या पायाला पुरेसा ताण मिळतो, आणि घरी डंबेलची एकच जोडी असणाऱ्याला हा मार्ग सर्वांत सोयीचा. अल जेरार्ड यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेल्या ट्रॅप बारमध्ये (आत उभे राहून उचलायच्या चौकटीच्या बारमध्ये) भार हातांतच राहतो, पण मुठी चौकटीला पक्क्या असल्याने बार घरंगळत नाही.

दुसऱ्या प्रकारात पकडीला आधार देतात. मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घाम शोषते. हुक पकडीत अंगठा बार व बोटे यांच्यामध्ये दाबला जातो. सुरुवातीला ती दुखते, पण भारोत्तोलकांत तीच रूढ आहे. उलटसुलट पकडीत एक तळवा पुढे व दुसरा मागे असल्याने बार फिरत नाही. मात्र तळवा पुढे असलेल्या हाताच्या द्विशिर स्नायूचा (बायसेप्सचा) कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, तुटल्याची उदाहरणे आहेत. म्हणून तो कोपर वाकवून वजन ओढू नये आणि हात आलटून-पालटून घ्यावेत. मनगटी पट्टे (स्ट्रॅप) सर्वांत परिणामकारक. हलक्या संचांत (सलग आवर्तनांच्या फेऱ्यांत) ते टाळून फक्त शेवटच्या जड संचांना वापरावेत, म्हणजे पायांना पुरता भार मिळतो आणि पकडही वाढत राहते. भारोत्तोलन व पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघांच्या स्पर्धांत पट्ट्यांना मनाई आहे. स्ट्राँगमन (अवजड वस्तू उचलण्याच्या) स्पर्धांत ते पुष्कळदा चालतात. ब्रिटिश स्ट्राँगमन एडी हॉल यांनी २०१६ मध्ये लीड्स येथे उचललेले ५०० किग्रॅ. वजन पट्टे बांधूनच उचलले होते.