समलिंगी प्रणयकादंबरी

समलिंगी प्रणयकादंबरी : दोन पुरुषांचे परस्परांवरील प्रेम हाच जिचा मुख्य विषय आहे, अशी कादंबरी. (दोन स्त्रियांच्या प्रेमकथांची परंपरा वेगळी आणि स्वतंत्र नोंदीची हक्कदार असल्याने ती येथे घेतलेली नाही.) या प्रकारात प्रेम जुळण्यापेक्षा ते टिकवताना होणारी ओढाताण जास्त जागा घेते. दोघे पुष्कळदा सुरुवातीच्या प्रकरणांतच एकत्र येतात. मग लपवाछपवी, संशय, घरच्यांचा धाक, एखादे जुने दुखणे यांपायी सगळे तुटायला येते आणि वाचक जीव मुठीत धरून पुढे वाचत राहतो. या कासाविशीला इंग्रजी वाचकवर्गात ‘अँग्स्ट’ म्हणतात आणि खास तिच्यासाठी पुस्तके निवडणारा मोठा वाचकवर्ग आहे.

जोडप्यावरचे संकट कुठून येते, हे त्या त्या देशातल्या कायद्याकडे पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. इंग्लंडमध्ये 1885 च्या कायद्याने पुरुषांमधील कोणत्याही शरीरसंबंधाला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा ठेवली होती. प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाइल्ड 1895 मध्ये याच कायद्याखाली तुरुंगात गेला. अशा काळात सुखान्त प्रेमकथा छापणे म्हणजे गुन्ह्याला उत्तेजन देणे ठरले असते. तरीही 1906 मध्ये एडवर्ड प्राइम-स्टीव्हन्सन या अमेरिकन लेखकाने टोपणनावाने ‘इमरे’ ही छोटी कादंबरी नेपल्समध्ये खाजगीरीत्या छापून घेतली. तीत एक इंग्रज गृहस्थ आणि एक हंगेरियन लष्करी अधिकारी शेवटी एकत्र राहतात. मोजक्या प्रतींपलीकडे ती गेली नाही.

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची ‘मॉरिस’ ही या प्रकारातली पायाभूत कादंबरी म्हणावी लागेल. पहिल्या हिंदुस्थान-प्रवासाहून परतल्यावर, 1913 मध्ये, त्याने ती लिहायला घेतली आणि पुढच्या वर्षी पूर्ण केली. (पुढे 1921 मध्ये हाच फॉर्स्टर मराठ्यांच्या देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून काही महिने राहिला.) केंब्रिजमध्ये मॉरिस हॉल आणि क्लाइव्ह डरहॅम यांचे प्रेम जमते. काही वर्षांनी क्लाइव्ह ग्रीसहून परततो तो बदलून, आणि लग्न करून मोकळा होतो. मॉरिस संमोहनाचे उपचारही करून पाहतो. मग त्याच्या आयुष्यात येतो तो क्लाइव्हच्याच इस्टेटीवरचा शिकार-राखणदार, अ‍ॅलेक स्कडर.

यातला सर्वांत ताणलेला प्रसंग ब्रिटिश म्युझियममध्ये घडतो. अ‍ॅलेकला वाटते की मोठ्या घरच्या माणसाने आपल्याला वापरून टाकले. मॉरिसला वाटते की हा आता पैसे उकळणार. अ‍ॅलेक खरोखरच धमकी देतो. त्या काळी अशी धमकी पोकळ नव्हती. समलिंगी पुरुषांना लुबाडायला हा कायदा सर्रास हत्यारासारखा वापरला जाई. इतक्यात मॉरिसचे शाळेतले जुने मास्तर समोर येतात. त्यांना याचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही, आणि ते भलतेच नाव घेतात. मॉरिस सांगतो, माझे नाव स्कडर. धमकी देणाऱ्याचे नाव तो स्वतःला लावून घेतो आणि तिथून भांडणाचा सूरच पालटतो. वर्गभेद, भीती आणि ओढ यांची गाठ फॉर्स्टरने एका खोट्या ओळखीत बांधली आहे. मला तरी या प्रकारच्या साऱ्या साहित्यात याहून नेमके भांडण वाचल्याचे आठवत नाही. शेवटी अ‍ॅलेक अर्जेंटिनाला कायमचे जाण्यासाठी ठरलेली बोट सोडून देतो आणि दोघे एकत्र राहतात.

सुखाचा शेवट हवाच होता, असे फॉर्स्टरने 1960 मध्ये जोडलेल्या टिपणात स्पष्ट लिहिले आहे. कुणी गळफास घेतला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता, तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, असेही तो म्हणतो. इंग्लंड व वेल्समध्ये कायदा 1967 मध्ये सैल झाला. फॉर्स्टर 1970 मध्ये वारला आणि ‘मॉरिस’ 1971 मध्ये प्रसिद्ध झाली, लिहून झाल्यावर तब्बल 57 वर्षांनी.

कायदा नसला की संकट टळते असे मात्र नाही. जेम्स बाल्डविन या अमेरिकन लेखकाची ‘जिओव्हानीज रूम’ (1956) पॅरिसमध्ये घडते आणि फ्रान्समध्ये प्रौढांमधील समलिंगी संबंध 1791 पासूनच गुन्ह्यांच्या यादीतून गेले होते. तिथे डेव्हिड या अमेरिकन तरुणाला पकडायला कुणी पोलीस येत नाही. त्याचा तुरुंग त्याच्या मनात आहे. वाग्दत्त वधू हेला स्पेनमध्ये असताना तो दारूच्या गुत्त्यावर काम करणाऱ्या जिओव्हानी या इटालियन तरुणाच्या खोलीत राहायला जातो. ती खोली बाल्डविनने फार बारकाईने रंगवली आहे. बाहेरून कुणी पाहू नये म्हणून खिडकीच्या काचांवर पांढरे पॉलिश फासलेले. दोघांसाठी खोली नीट करायची म्हणून जिओव्हानी भिंत फोडून पुस्तकांचे कपाट बसवू पाहतो आणि ते काम कधीच पुरे होत नाही. न उतरलेल्या भिंतकागदावर घोळदार झग्यातली एक बाई आणि तोकड्या विजारीतला एक पुरुष गुलाबांमधून कायमचे फिरत असतात. डेव्हिडला हवे असलेले प्रतिष्ठित आयुष्य त्या भिंतीवर आहे, आणि त्याच्यासाठी विटा फोडणारा माणूस त्या भिंतीसमोर उभा आहे. हेला परतल्यावर डेव्हिड त्याला सोडून जातो. पुढे जिओव्हानीच्या हातून गुत्त्याच्या मालकाचा खून होतो आणि त्याला गिलोटिनची शिक्षा होते. पहिल्या कादंबरीने नाव मिळवून दिलेल्या या लेखकाचे हे दुसरे हस्तलिखित त्याच्या आधीच्या प्रकाशकाने नाकारले होते.

मरण हा त्या पिढीतला जवळजवळ ठरलेला शेवट होता. 1970 च्या दशकात चित्र बदलू लागले. गॉर्डन मेरिक यांची ‘द लॉर्ड वोन्ट माइंड’ (1970) ही सुखान्त कादंबरी न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पोहोचली. पॅट्रिशिया नेल वॉरन यांच्या ‘द फ्रंट रनर’ (1974) मधील धावपटू व त्याचा प्रशिक्षक यांना मात्र ऑलिंपिकच्या मैदानावर झाडलेली गोळी वेगळे करते. याच सुमारास ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्या स्त्रिया तिच्यातल्या दोन नायकांची प्रेमकथा लिहून चक्रमुद्रित अंकांतून आपापसांत वाटू लागल्या. एकाला जबर इजा व्हावी आणि दुसऱ्याने त्याची शुश्रूषा करताना मनातले बोलून जावे, ही आज घासून गुळगुळीत झालेली कल्पना त्या कथांतून खूप लोकप्रिय झाली. जपानमध्येही त्याच दशकात स्त्री-चित्रकथाकारांनी अशा कथा रुजवल्या. त्यांचा प्रभाव चीनमधील ‘दानमेइ’ कथांवर पडला. तिथे हे लेखन अद्याप धोक्याचे आहे: 2018 मध्ये आन्हुई प्रांतातील न्यायालयाने एका लेखिकेला अशा कादंबरीसाठी साडेदहा वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली.

आज या प्रकारचे बरेचसे लेखन ई-पुस्तकांच्या रूपात विकले जाते आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. आमचे दुःख इतरांच्या करमणुकीचा माल होते, अशी तक्रार काही समलिंगी लेखकांनी केली आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. व्यावसायिक प्रणयकादंबरीचा अलिखित करार असा, की शेवट आशेचा हवा. त्यामुळे लेखकाला सगळी यातना मधल्या भागात भरावी लागते. पुस्तकाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास मोठी ताटातूट येते. एकाने दुसऱ्याची ओळख घरी ‘मित्र’ म्हणून करून दिलेली असते, खेळाडूला संघापासून नाते लपवायचे असते, नाहीतर व्यसन पुन्हा डोके वर काढते. चांगला लेखक हा दुरावा दोघांच्या स्वभावातून काढतो. कच्चा लेखक एका न पोहोचलेल्या निरोपावर भागवतो आणि वाचकाला ते लगेच कळते.

नेदरलँड्सने 2001 मध्ये समलिंगी विवाह मान्य केला, अमेरिकेत तो 2015 मध्ये सर्वत्र लागू झाला. त्यानंतर मोडकळीला आलेल्या संसाराची कथा या प्रकारात नव्या वजनाने आली. बारा वर्षांचा संसार, दत्तक मूल, घराचे हप्ते आणि टेबलावर घटस्फोटाचे कागद. घटस्फोटाची भीती वाटायला आधी लग्न कायदेशीर असावे लागते. मॉरिस आणि अ‍ॅलेक यांना ती चैन नव्हती.

भारतात दंडसंहितेच्या कलम 377 मधील संमतीच्या संबंधांचा गुन्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो परत आणला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी कायमचा काढला. विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने नाकारला. आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ (2003) इंग्रजीत असली तरी तिची मुंबई ओळखीची आहे: चर्चगेट स्थानक, 1992-93 च्या दंगली, मध्यमवयीन पत्रकार युदी आणि दलित तरुण मिलिंद. जात आणि पैसा या दोघांच्या मधे सतत उभे असतात आणि मिलिंदचे लग्न एका मुलीशी होते. मराठीत बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आणि सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) या दोन कादंबऱ्यांचा उल्लेख आवश्यक आहे. दुसरीत घरी पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा या दोघांचेही प्रेम बसते. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते तेव्हा अख्खे घर तिच्यासाठी हवालदिल होते. तनयचेही कुणीतरी गेले आहे, हे घरात कुणाला ठाऊकच नसते, म्हणून त्याला उघडपणे रडताही येत नाही.

मराठी जोडप्याची ओढाताण अजून बहुतेक इथेच आहे: ‘यंदा स्थळं बघायची ना?’ या प्रश्नापाशी, भाड्याच्या घरासाठी ‘आम्ही चुलत भाऊ’ असे सांगण्यापाशी, रुग्णालयात सहीसाठी नातेवाईक मागितला जातो त्या खिडकीपाशी. पंधरा वर्षे एका घरात काढलेल्या दोन पुरुषांचे आता पटत नाही, यावर बेतलेली मराठी कादंबरी शोधावी लागते.