जुनी मोटारसायकल सिग्नलला बंद पडते? आधी हे वाचा

चौथ्या गिअरला गाडी छान पळते, पण सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला की धडधडते, रेस खाली-वर होते आणि गाडी बंद पडते. स्प्लेंडर, पॅशन, बॉक्सर अशा कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाड्यांची आमच्या गॅरेजमध्ये येणारी ही नेहमीची तक्रार आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांना कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आलं, त्यांची तपासणी वेगळी असते. हे पत्रक त्याआधीच्या फोरस्ट्रोक गाड्यांसाठी आहे.

पहिली विनंती: रेस वाढवायचा स्क्रू पिळून वेळ मारून नेऊ नका. १०० सीसीच्या गाडीचं आयडलिंग (ॲक्सिलरेटर सोडल्यावरची रेस) साधारण १४०० आरपीएमच्या आसपास असावं. ते त्याहून फार वर नेलं की गाडी बंद पडत नाही खरी, पण पेट्रोल जास्त जातं, पहिला गिअर खाडकन पडतो आणि मूळ बिघाड झाकला जातो. पुढे तोच बिघाड महाग पडतो.

बिघाड बहुतेक वेळा स्लो जेटमध्ये असतो

ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिनाला पेट्रोल मिळतं ते कार्ब्युरेटरमधल्या स्लो जेटमधून. या पितळी जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. गाडी महिनाभर उभी राहिली की बाऊलमधलं (कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. तो सगळ्यात आधी याच भोकात बसतो. म्हणूनच गाडी पळताना ठीक वाटते आणि उभी राहिली की रुसते. चोक ओढल्यावर आयडलिंग सुधारत असेल, तर इंजिनाला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळते आहे असं समजा.

पावसाळ्यात त्यात पाण्याची भर पडते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. इंजिन थंड असताना पेट्रोल कॉक बंद करून बाऊलच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि निघालेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. तळाशी वेगळा थर किंवा पाण्याचे थेंब दिसले तर टाकीही साफ करावी लागेल. हे काम उघड्यावर, विडी-सिगारेटपासून लांब करा.

जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका, ही कळकळीची विनंती. पितळ मऊ असतं. भोक जरासं मोठं झालं तरी पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. आम्ही जेट काढून क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करतो. नुसत्या कचऱ्यासाठी अख्खा कार्ब्युरेटर बदलायची सहसा गरज नसते. कोणी तसं सांगितलं तर आधी जेट दाखवायला सांगा.

घरी करून पाहण्यासारखं

गाडी उघड्यावर न्यूट्रलला चालू ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे किंवा कुठेतरी अडकते आहे. वळणावर हे धोक्याचं असतं, अशी गाडी चालवू नका.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मधला रबरी जोड जुन्या गाड्यांत तडकतो. त्यावर स्प्रेच्या बाटलीने थोडं साधं पाणी मारा. आवाज बदलला तर तिथून हवा आत जाते आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस हळूहळू उतरते, हीसुद्धा त्याचीच खूण. हा जोड बदलल्याशिवाय कितीही ट्युनिंग केलं तरी ते टिकत नाही.

प्लगचं टोक कोरडं आणि काजळीने काळं असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे. चोक अर्धा ओढलेला राहिला नाही ना आणि एअर फिल्टर तुंबला नाही ना, ते आधी पाहा. टोक पांढरटलेलं असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे. तेलकट ओलं असेल तर ऑइल वर चढतं आहे, ते काम मोठं. फिल्टर कागदी असेल तर धुऊ नका, बदला.

पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूला मात्र हात लावू नका. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर हवा वाढते, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल वाढतं. गाडी कोणत्या प्रकारची आहे ते न पाहता फिरवला की सगळं उलटं होतं.

गाडी आणताना

थंड असताना नीट चालणारी आणि तापल्यावर बंद पडणारी गाडी असेल, तर टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) घट्ट झालेले, म्हणजे त्यांची फट कमी झालेली असू शकते. टॅपेट थंड इंजिनावरच सेट करायचे असतात, म्हणून अशी गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. आयडलिंगचा शेवटचा मेळ मात्र इंजिन तापवूनच बसवावा लागतो. गाडी "तासाभरात द्या" म्हणालात तर हे दोन्ही नीट होणार नाही.

प्लग आणण्याआधी घासू नका, त्याचा रंग आम्हाला पाहायचा असतो. गाडी किती दिवस उभी होती, त्रास सकाळी होतो की तापल्यावर आणि शेवटचं पेट्रोल कधी भरलं, एवढं आठवून सांगा.