दगड-कागद-कात्रीच्या आधीचा कोल्हा

दगड-कागद-कात्री हा आपल्याकडे पोरांचा खेळ. पहिली बॅटिंग कुणाची, राज्य कुणावर, एवढं ठरलं की संपला. त्याला भुताखेतांचा साज चढवून, हरणाऱ्याला घोट प्यायला लावून मोठ्यांच्या पार्टीत कुणी तो खेळलं, तर ती नवी टूम वाटते. इतिहासात मात्र क्रम उलटा आहे. जपानमध्ये आधी मोठ्यांची मैफल होती, तिथे माणसाला झपाटणारा कोल्हा होता. कात्री बरीच नंतर आली.

हातांच्या अशा खेळांना जपानीत 'केन' म्हणतात. १७व्या शतकात चिनी लोकांबरोबर नागासाकी बंदरात आला तो बोटांच्या बेरजेचा केन. दोघांनी एकदम बोटं दाखवायची आणि बेरीज किती होईल तो आकडा ओरडायचा. हरेल त्याने साके, म्हणजे तांदळाची दारू, प्यायची. तिघांचा फेरा असलेला प्रकारही होता: अंगठा म्हणजे बेडूक, तर्जनी साप, करंगळी बिनशंखाची गोगलगाय. साप बेडकाला खातो, बेडूक गोगलगायीला, आणि गोगलगायीपुढे साप हतबल होतो. हे शेवटचं पटत नाही, कारण जुन्या चिनी ग्रंथात तिथे गोम होती; जपानमध्ये तिच्या जागी गोगलगाय आली.

एदो काळातल्या (१६०३-१८६८) गेशांच्या, म्हणजे नाचगाण्याने मैफल रंगवणाऱ्या कलावंतिणींच्या, बैठकीत गाजला तो किट्सुने-केन, कोल्ह्याचा केन. यात नुसती बोटं नाहीत, अख्खा माणूस खेळतो. दोन्ही पंजे कानांशी उभे धरले की कोल्हा. हात मांड्यांवर ठेवून ताठ बसलं की शोया, म्हणजे गावचा पाटील. बंदूक धरल्यासारखे हात केले की शिकारी. शिकारी कोल्ह्याला मारतो, शिकाऱ्यावर पाटलाचा हुकूम चालतो, आणि पाटलाला कोल्हा चकवा लावतो. जपानी लोककथांतला कोल्हा रूप पालटतो, सुंदर बाई होऊन घरात शिरतो, भल्याभल्यांची मती गुंग करतो. पायरी न पायरी ठरलेल्या त्या समाजात गावच्या सत्तेला हरवायला माणूस सापडला नाही, एक मायावी जनावर लागलं. या खेळाची खरी गंमत मला इथेच दिसते.

लोक केन मनापासून खेळत. १८०९ मध्ये केनवर सचित्र पुस्तक निघालं. सुमोच्या धर्तीवर छोटा आखाडा मांडून सामने होत. किकुगावा एइझानने १८२०च्या सुमारास कोल्ह्याचा केन खेळणाऱ्या गेशा चितारल्या. वाघ, योद्धा आणि म्हातारी आई असा पडद्याआडून खेळायचा 'तोरा-तोरा' क्योतोच्या गेशांकडे आजही चालतो.

दगड-कागद-कात्रीचा 'जान-केन' १९व्या शतकात याच कुळात घडला. एका हाताने, कुठेही, क्षणात खेळता येत असल्याने तो पोरांकडे गेला आणि पुढे जगभर पसरला.

जान-केनमध्ये हरणाऱ्याने कपडे उतरवायचा खेळ म्हणून 'याक्यूकेन' मात्र विनाकारण बदनाम झाला. १९२४ मध्ये मात्सुयामा शहराचा एक बेसबॉल संघ ताकामात्सु शहराच्या संघाकडून हरला. त्या रात्रीच्या मेजवानीत संघासोबतचे कवी माएदा गोकेन यांनी याक्यूकेनचं गाणं आणि नाच रचला. कपड्यांचा भाग १९६९च्या एका टीव्ही कार्यक्रमाने लोकप्रिय केला. मात्सुयामात मूळ याक्यूकेन आजही गातात, नाचतात. कपडे कुणी उतरवत नाही.