‘ट्वायलाइट झोन’चे डोक्यावर घेतलेले एपिसोड : पार्श्वभूमी

‘ट्वायलाइट झोन’ या जुन्या अमेरिकन टीव्ही सिरीजमधले ओव्हररेटेड एपिसोड कुठले असा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात, ‘टू सर्व्ह मॅन’ आणि ‘टाइम इनफ अॅट लास्ट’, आणि मग पाठोपाठ विमानाच्या पंखावरच्या त्या प्राण्याचा एपिसोड. लगेच भांडण सुरू. पण हे एपिसोड एवढे मोठे झाले कसे ते बघितल्याशिवाय भांडायला मजा नाही, कारण पहिल्यांदा लागले तेव्हा ते बाकीच्यांसारखेच एका शुक्रवारी रात्री लागले आणि संपले, त्यांना डोक्यावर घेतलं ते नंतरच्या काळाने. (शेवट सांगितल्याशिवाय यावर लिहिताच येत नाही, तेव्हा बघायचे राहिले असतील तर आधी बघून या.)

सुरुवात सिरीजचा निर्माता आणि मुख्य लेखक रॉड सर्लिंग याच्यापासून करावी लागते. १९५५ च्या आसपास तो अमेरिकन टीव्हीवरचा नावाजलेला नाटककार होता, एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालेला, पण स्पॉन्सर कंपन्यांच्या कात्रीने तो अक्षरशः वैतागला होता. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला आणि आरोपी निर्दोष सुटले. सर्लिंगने त्यावरून ‘नून ऑन डूम्सडे’ हे टीव्ही नाटक लिहिलं. आधीच बरंच सौम्य करून लिहिलेलं, तरी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लोकांच्या बहिष्काराच्या भीतीने स्पॉन्सरनी गाव उचलून उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडमध्ये नेलं, मेलेला माणूस कुठला तरी परका करून टाकला, आणि सेटवरच्या कोकाकोलाच्या बाटल्यासुद्धा काढायला लावल्या, का तर कोक म्हटलं की लोकांना दक्षिण आठवेल! १९५६ मध्ये जे शेवटी टीव्हीवर दिसलं त्यात मूळ गोष्टीचं काही उरलंच नव्हतं. तिथून तो शिकला की जे माणसांच्या तोंडी घालता येत नाही ते परग्रहवासीयांच्या तोंडी घातलं तर कुणी अडवत नाही. २ ऑक्टोबर १९५९ ला सीबीएस चॅनलवर ‘ट्वायलाइट झोन’ सुरू झालं ते या रागातून, भुतंखेतं दाखवून घाबरवायला नाही. हे लक्षात ठेवलं की कुठला एपिसोड भारी आणि कुठला नुसता चमकदार हे ठरवायला सोपं जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाचा रेटा. पाच सीझन, १५६ एपिसोड, त्यातले ९२ एकट्या सर्लिंगने लिहिले. बाकीचे मुख्यतः चार्ल्स बोमाँट आणि रिचर्ड मॅथेसन, मग जॉर्ज क्लेटन जॉन्सन, अर्ल हॅमनर वगैरे. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रं आणि साधारण पंचवीस मिनिटं. एवढ्या वेळात माणूस उभा करायचा, अडचणीत टाकायचा आणि संपवायचा, तर शेवटचा झटका हे सगळ्यात हुकमी हत्यार होतं, आणि ते वापरून वापरून प्रेक्षकाला त्याचीच सवय लागली. पैशाची ओढाताण पण होती, दुसऱ्या सीझनला तर खर्च वाचवायला सहा एपिसोड फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर केले, ते आज बघितले की लगेच ओळखू येतात, चित्र सपाट आणि बाहेरचं शूटिंग जवळजवळ नाहीच.

आता ‘टू सर्व्ह मॅन’ घेऊ, २ मार्च १९६२ चा. मूळ कथा डेमन नाइटची, ‘गॅलक्सी’ मासिकात नोव्हेंबर १९५० ला आलेली. कथेतले कॅनामिट, म्हणजे पृथ्वीवर आलेले परग्रहवासी, बुटके, केसाळ, डुकरासारखे दिसणारे, टीव्हीवर ते नऊ फुटी टकले झाले. ते येतात, भूक मिटवतात, युद्धं थांबवतात, एक पुस्तक विसरून जातात, त्याचं फक्त नाव उलगडतं ‘टू सर्व्ह मॅन’ आणि सगळे निर्धास्त होतात. मग शेवटी नायक त्यांच्या यानात चढत असताना, पुस्तक उलगडणारी मुलगी जिन्याखालून ओरडते की ते पाककृतीचं पुस्तक आहे. आता मला सांगा, हे मराठीत करून बघा. ‘माणसाची सेवा’ आणि ‘माणूस वाढणं’, ताटात वाढतात तसं. जमतच नाही, दोन वेगळी क्रियापदं आहेत. म्हणजे ‘सर्व्ह’ची गंमत फक्त इंग्रजीत आहे, आणि ते पुस्तक तर कॅनामिट भाषेत लिहिलेलं, मग दूरच्या ग्रहावरच्या भाषेत नेमका इंग्रजीसारखाच दुहेरी अर्थ कसा काय? छापील कथा एवढी छोटी आहे की हा प्रश्न पडायच्या आत ती संपते. टीव्हीवर मात्र मधे लांबलचक निवेदन आहे, उडत्या तबकड्यांची इकडून तिकडून जमवलेली दृश्यं आहेत, आणि सगळा डोलारा त्या एका वाक्यासाठी. माझ्या मते हा खरोखर ओव्हररेटेड आहे, आणि हे मी सर्लिंगवर जीव असूनच म्हणतोय.

‘टाइम इनफ अॅट लास्ट’चं तसं नाही, त्याच्याबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं कारण बर्जेस मेरेडिथने त्यात जीव ओतलाय. २० नोव्हेंबर १९५९, म्हणजे सिरीज सुरू होऊन दोन महिने पण झाले नव्हते. लिन व्हेनेबलची कथा, ‘इफ’ मासिक, जानेवारी १९५३. बँकेतला कॅशियर हेन्री बेमिस, जाड भिंगांचा चष्मा, काउंटरखाली पुस्तक लपवून वाचणारा. बायको त्याला कवितेचं पुस्तक वाचून दाखव म्हणते, तो हरखून उघडतो तर पानापानावर तिने ओळी खोडून ठेवलेल्या. तो दुपारी तिजोरीत बसून वाचत असताना बाँब पडतो, जग संपतं, त्याला लायब्ररी सापडते, पायऱ्यांवर तो महिन्यामहिन्याचे पुस्तकांचे ढीग लावतो आणि एका पुस्तकासाठी वाकतो तेवढ्यात चष्मा घसरून फुटतो.

हा शेवट सगळ्यांना पाठ आहे. पण बेमिसने काय केलं होतं? सर्लिंगच्या दुनियेत शिक्षा सहसा लोभी, क्रूर, गर्विष्ठ माणसाला होते, इथे ज्याला बायकोने छळलं, साहेबाने झापलं, त्याच्याच नशिबी सगळ्यात मोठी शिक्षा. काहीजण म्हणतात तो माणसांपासून तुटला म्हणून, पण एपिसोड तसं कुठे दाखवत नाही, उलट आसपासची माणसंच वाईट दाखवतो. म्हणजे झटका जबरदस्त, मागे विचार मात्र डळमळीत. आणि गंमत बघा, याच मेरेडिथला घेऊन सर्लिंगने २ जून १९६१ ला ‘द ऑब्सोलीट मॅन’ केला, पुन्हा पुस्तकवेडा माणूस, हुकूमशाहीत निरुपयोगी ठरवलेला ग्रंथपाल, पण इथे तो त्याला शिक्षा देणाऱ्या चॅन्सेलरला आपल्या खोलीत कोंडून शांतपणे बायबल वाचत बसतो आणि त्याला मारायला लावलेल्या बाँबची वेळ जवळ येत जाते. हा मला कितीतरी वरचा वाटतो. पण त्याचा शेवट एका वाक्यात सांगता येत नाही ना.

विमानाचा, म्हणजे ‘नाइटमेअर अॅट २०,००० फीट’ (११ ऑक्टोबर १९६३), त्यावर जास्त बोलत नाही. पंखावरचा प्राणी लोकरीचा जाड ड्रेस घातल्यासारखा दिसतो हे खरंय, मॅथेसनला स्वतःलाही तो पसंत नव्हता. पण प्रवासी झालेला विल्यम शॅटनर खिडकीचा पडदा हळूच सरकवतो आणि काचेला चिकटलेलं तोंड दिसतं, त्या क्षणासाठी सगळं माफ.

मग हेच एपिसोड वर का आले? तर १९ जून १९६४ ला सिरीज बंद झाली, सर्लिंगने आपला हिस्सा सीबीएसला विकून टाकला, आणि लोकल चॅनलवर रिपीट सुरू झाले, वर्षानुवर्षं. रिपीटचा स्लॉट अर्ध्या तासाचा. चौथ्या सीझनचे १८ एपिसोड तासाभराचे होते, ते त्या साच्यात बसेनात म्हणून बहुतेक ठिकाणी गायबच झाले, त्यात ‘ऑन थर्सडे वी लीव्ह फॉर होम’सारखा अप्रतिम एपिसोड पण गेला. रॉबर्ट ड्युव्हलचा ‘मिनिएचर’ कोर्टकचेरीमुळे डब्यात पडून राहिला तो थेट १९८४ पर्यंत. म्हणजे पिढ्यांनी बघितला तो ‘ट्वायलाइट झोन’ मुळात निवडक होता. त्यात मग सुट्टीच्या दिवसांतल्या मॅरेथॉन आल्या, आणि मग नकला. १९९० मध्ये ‘सिम्पसन्स’ या कार्टून सिरीजच्या हॅलोविन एपिसोडमध्ये परग्रहवासीयांचं पाककृतीचं पुस्तक आलं, १९९१ च्या ‘नेकेड गन’ या विनोदी सिनेमाच्या दुसऱ्या भागात तर ‘टू सर्व्ह मॅन’चा मूळ नट लॉइड बॉकनर स्वतः ते पुस्तक हातात घेऊन ओरडत धावतो. नक्कल त्याचीच होते ज्याचा शेवट एका दमात सांगता येतो. आज नवीन माणूस हे एपिसोड बघायला बसतो तेव्हा शेवट त्याला आधीच माहीत असतो, मग तो म्हणतो यात काय एवढं, आणि त्याचंही चुकत नाही.

उलट ‘वॉकिंग डिस्टन्स’ या एपिसोडची नक्कल कशी करणार? जाहिरात कंपनीतला दमलेला छत्तीस वर्षांचा मार्टिन स्लोन चालत आपल्या जुन्या गावात जातो तर तिथे त्याचं बालपण अजून चालूच असतं. तो लहानपणीच्या स्वतःला काही सांगायला धावतो, पोरगं घाबरून फिरत्या मेरी-गो-राउंडवरून पडतं, पाय मोडतो. रात्री बंद पडलेल्या मेरी-गो-राउंडपाशी वडील येतात, त्यांना कळलेलं असतं हा कोण ते, आणि ते त्याला समजावून परत जायला सांगतात. मागे बर्नार्ड हर्मनचं संगीत. मार्टिन परततो तेव्हा लंगडत असतो. ते गाव म्हणजे सर्लिंगचं स्वतःचं गाव बिंगहॅम्टन, तिथल्या रिक्रिएशन पार्कमध्ये मेरी-गो-राउंड आजही आहे. हा लागला ३० ऑक्टोबर १९५९ ला, आणि बरोबर तीन आठवड्यांनी त्याच लेखकाच्या लेखणीतून हेन्री बेमिसचा चष्मा फुटला.