वनस्पतींचा अर्क आणि कीड मारणारे सूत्रकृमी: निपचित म्हणजे मेलेले नव्हे

हुमणीसारख्या जमिनीतल्या किडी मारणारे हेटरोऱ्हॅब्डिटिस सूत्रकृमी (धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असतात. डोळे नसलेले हे जीव मातीतल्या वासावर भक्ष्य शोधतात. त्यातले काही वास वनस्पतीच सोडते. युरोपातल्या अनेक मका वाणांची मुळे डायब्रोटिका या भुंगेऱ्याच्या अळीने कुरतडली की त्यांतून बीटा-कॅरिओफायलीन बाहेर पडते. लवंगेत आणि मिऱ्यातही असणारे हे द्रव्य मातीत पसरते आणि सूत्रकृमी अळीकडे येतात, हे २००५ मध्ये दाखवले गेले. अमेरिकेतल्या बहुतेक वाणांनी मात्र हा गुण गमावला आहे.

पण अर्क नेहमी बोलावतोच असे नाही. वाटाण्याच्या मुळांचा स्राव विरळ असेल तर सूत्रकृमी जास्त चपळ होतात, दाट असेल तर निपचित पडतात आणि पाणी घालून विरळ केला की पुन्हा हलू लागतात. म्हणून अर्काचा सूत्रकृमींवर काय परिणाम होतो याची एकाच तीव्रतेवर केलेली चाचणी माझ्या मते निरुपयोगी आहे.

चाचणी साधी आहे. ९ सेंमीच्या पेट्री डिशमध्ये २ टक्के अगार (जेलीसारखा थर) ओता. एका कडेला १० मायक्रोलिटर अर्क ठेवा आणि समोरच्या कडेला तेवढाच नुसता द्रावक, म्हणजे अर्क ज्यात काढला ते अल्कोहोल वगैरे. हा दुसरा थेंब विसरला तर अल्कोहोलचा परिणाम अर्काच्या नावावर खपतो. द्रावक उडून गेल्यावर मधोमध शंभरेक सूत्रकृमी सोडा, तेही शक्य तितक्या कमी पाण्यात. थेंब मोठा झाला तर पृष्ठताणामुळे ते त्यातच अडकतात आणि अर्काने रोखल्याचा भास होतो. डिश अंधारात, २५ अंशांच्या आसपास ठेवा. काही तासांनी दोन्ही बाजूंचे सूत्रकृमी मोजा, मधले न हललेले वेगळे.

या न हललेल्यांना बारीक सुईने डिवचा. तरीही हलले नाहीत तर धुऊन स्वच्छ पाण्यात २४ तास ठेवा. जे वळवळू लागतील ते फक्त सुस्त झाले होते. मग त्यांना मेणकिड्याच्या (मधमाश्यांच्या पोळ्यातल्या पतंगाच्या) अळ्यांवर सोडून पाहा: अळी मरून विटकरी लाल झाली, तर सूत्रकृमींची मारकशक्ती शाबूत आहे.

निंबोळी अर्क आणि सूत्रकृमी एकाच टाकीत मिसळण्याआधी हे करायलाच हवे, आणि वेगवेगळ्या तीव्रतांमध्ये फवारणीला वापरणार ती तीव्रता, म्हणजे सहसा ५ टक्के, असलीच पाहिजे.